सूट आणि सोय

शाळेच्या व्यवहारांत 'सूट' आणि 'सोय' हे दोन शब्द वारंवार कानांवर पडतात. दोन्ही शब्द दयेचे वाटतात आणि ते उच्चारणाराच्या मनांत बहुधा चांगलाच हेतु असतो. परंतु थोडा विचार केला असतां ह्या दोहोंचीं तोंडें परस्परविरुद्ध दिशांस आहेत, असें दिसून येईल. सूट मिळालेला विद्यार्थी वर्गाबाहेर जातो. सोय झालेला विद्यार्थी वर्गांत येतो. ज्याचा पाय अधू आहे त्याला, 'तूं वरच्या मजल्यावर येऊं नकोस,' असें सांगणें ही सूट. त्याचा वर्गच तळमजल्यावर आणणें ही सोय. पहिलीस एक सही पुरते. दुसरीसाठीं मात्र आपल्याला उठावें लागतें, हातपाय हालवावे लागतात.

गणित, भाषा, इतिहास ह्या विषयांत सूट देतांना आपण पुष्कळ विचार करतों, कारण तेथें परीक्षेचा व पुढील उपजीविकेचा प्रश्न असतो. चित्रकला, गायन, नृत्य ह्यांच्या बाबतींत तेवढा विचार होत नाहीं. मी कित्येक वर्षें चित्रकला शिकवीत आहें. आणि सर्वांत आधीं व सर्वांत सहज सूट मिळते ती आमच्याच तासाला, असा माझा अनुभव आहे. "डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्याला चित्रकला कशाला?" "ऐकूं येत नाहीं, तिला गाण्याच्या तासाला कां बसवितां?" हे प्रश्न कठोर अंतःकरणाचीं माणसें विचारीत नाहींत. प्रेमळ आईबाप आणि कनवाळू शिक्षक हेच ते विचारतात. म्हणूनच त्यांचें उत्तर शांतपणें शोधलें पाहिजे.

ह्या प्रश्नांच्या मुळाशीं एक जुनी समजूत आहे. चित्र ही डोळ्यांची मालमत्ता, गाणें ही कानांची, नाच ही पायांची, अशी आपण कलांची वांटणी करून टाकली आहे. त्या वांटणींतून आणखी एक पोटवांटणी निघते: अंधानें गावें किंवा वेताच्या खुर्च्या विणाव्या, बहिऱ्यानें चित्र काढावें, आणि पांगळ्यानें बसल्या जागीं होईल तें करावें. ज्याला जें आवडतें तें त्यानें शिकावें, हा साधा नियम येथें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

ह्या वांटणीच्या पुष्ट्यर्थ आपल्याच प्रांतांतील एका थोर पुरुषाचें चरित्र पुढें केलें जातें. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाड येथें झाला. बालपणीं शोभेच्या दारूच्या स्फोटानें त्यांच्या डोळ्यांस इजा झाली, दृष्टि फार अधू झाली व शाळेचें शिक्षण थांबलें. पुढें मिरज येथें बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्यापाशीं ते गायन शिकले, आणि त्यांची कीर्ति सर्व देशभर पसरली. "पाहा, डोळे गेले म्हणून गाणें लाभलें," असें आपण म्हणतों. परंतु एवढाच बोध घेऊन थांबणाऱ्यानें अर्धेंच चरित्र वाचलें. पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. त्या काळीं गायनविद्या दरबारांत आणि उस्तादांच्या घराण्यांत कोंडलेली होती. पलुसकरांनीं तिला वर्ग दिले, अभ्यासक्रम दिला, पाठ्यपुस्तकें दिलीं, आणि स्वर कागदावर उतरविण्यासाठीं स्वरलिपि दिली. ज्या सामान्य घरांतील मुलामुलींना त्या विद्येच्या दारांत उभें राहण्याचीहि मुभा नव्हती, त्यांची त्यांनीं सोय केली. स्वतःस एक दार बंद झालेल्या मनुष्यानें इतरांसाठीं दुसरें दार उघडलें, हा त्या चरित्राचा उरलेला अर्धा भाग होय.

लिपीचा विषय निघालाच आहे, तर ब्रेल लिपीची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखी आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधील एका जिनगराचा मुलगा. तीन वर्षांचा असतांना बापाच्या कारखान्यांत खेळत असतां आरी लागून त्याचा एक डोळा दुखावला व पुढें दोन्ही डोळे गेले. सहा ठिपक्यांची त्याची लिपि १८२९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली, तेव्हां त्याचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. त्या पुस्तकाच्या नांवांतच शब्दांच्या जोडीला संगीताचा उल्लेख आहे. ब्रेल स्वतः प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवीत असे. अंधांनीं आधीं वाचावें, हिशेब करावा, आणि वेळ उरल्यास कलेकडे वळावें, असा क्रम त्यानें लावला नाहीं. अक्षर आणि स्वर हे दोन्ही एकाच दिवशीं, एकाच पुस्तकांतून त्यानें आपल्या बांधवांच्या हातीं दिले. शिक्षणांत कलेला शेवटची पंगत देणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

"गाण्याचें ठीक आहे, चित्राचें काय?" असें कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून विनोदबिहारी मुखर्जी ह्यांचें चरित्र सांगतां येईल. ह्यांचा जन्म १९०४ सालीं कलकत्त्याजवळील बेहाला येथें झाला. जन्मापासूनच एका डोळ्यानें त्यांना दिसत नसे आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टि अत्यंत अधू होती. सामान्य शाळेंत त्यांचा निभाव लागेना, म्हणून १९१७ सालीं त्यांना शांतिनिकेतनांत पाठविण्यांत आलें. दोन वर्षांनीं तेथें कलाभवन सुरू झालें, तेव्हां ते त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एक झाले. आचार्य नंदलाल बोस ह्यांना शंका आली, कीं ज्याला धड दिसत नाहीं तो चित्रकला कसा शिकणार? त्यांनीं ती रवींद्रनाथांपाशीं बोलून दाखविली. मुलाला गोडी आहे काय, तो मन लावून काम करतो काय, एवढेंच रवींद्रनाथांनीं विचारलें, आणि तसें असेल तर त्याला राहूं द्यावें असें सांगितलें, अशी आठवण सांगितली जाते. त्या दिवशीं दयाबुद्धीनें सूट दिली गेली असती, तर भारताच्या कलेचें केवढें नुकसान झालें असतें!

विनोदबिहारी कलाभवनांतच पुढें शिक्षक झाले. १९४६-४७ सालीं त्यांनीं शांतिनिकेतनच्या हिंदी भवनांतील भिंतींवर मध्ययुगीन संतांचें विशाल चित्र रंगविलें. कबीर, सूरदास, तुलसीदास आणि त्यांच्या भोंवतीं चाललेला सामान्य जनांचा प्रवाह त्यांत दिसतो. ज्याला कागद डोळ्यांशीं अगदीं जवळ धरावा लागे, त्या मनुष्यानें भिंतीच्या भिंती चित्रानें भरल्या. पन्नाशी उलटल्यावर डोळ्यांची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टिहि गेली. आतां तरी कुंचला खालीं ठेवावा, असें कोणालाहि वाटलें असतें. त्यांनीं मेणाच्या आकृति घडविल्या, कागदाच्या घड्या घालून व तुकडे कापून चित्रें केलीं, रेखाचित्रें काढलीं, विद्यार्थ्यांना कलेचा इतिहास शिकविला, आणि १९७२ सालीं कलाभवनाच्या भिंतीवर कौलांच्या रंगीत तुकड्यांचें मोठें भित्तिचित्र उभें केलें. त्यांचे एके काळचे विद्यार्थी सत्यजित राय ह्यांनीं त्याच वर्षीं त्यांच्यावर 'दि इनर आय' हा लहानसा चित्रपट काढला. त्यांची कला पूर्वीं डोळ्यांत होती आणि मागाहून हातांत आली, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. आकार कोठें असावा, कोणापाशीं असावा, दोन आकारांमध्यें किती मोकळी जागा असावी, हें ठरविणारी बुद्धि पूर्वीं होती तीच राहिली. केवळ तिच्यापर्यंत पोंचण्याचा मार्ग बदलला.

तो मार्ग शोधून देणें हें शिक्षकाचें काम. स्कॉटलंडमधील एव्हलिन ग्लेनी हिचा जन्म १९६५ सालचा. वयाच्या आठव्या वर्षापासून तिचें ऐकूं येणें कमी होत गेलें आणि बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक नाहींसें झालें. तिला तालवाद्यें शिकावयाचीं होतीं. तिचे शिक्षक रॉन फोर्ब्स ह्यांनीं तिला वर्गाच्या भिंतीवर हात टेकवून उभें राहण्यास सांगितलें व आपण टिंपानी नांवाचे मोठे नगारे वाजवूं लागले. कोणता नाद हाताच्या कोणत्या भागांत जाणवतो, हें ती ओळखूं लागली. उंच स्वर बोटांशीं, खर्जाचे स्वर पायांशीं, असा तिच्या सर्वांगाचा एक कान झाला. पुढें ती लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकली आणि जगविख्यात वादक झाली. जमिनीचा कंप जाणवावा म्हणून ती पुष्कळदां अनवाणी उभी राहून वाजविते. ह्या साऱ्याचा आरंभ एका भिंतीपासून झाला, आणि भिंत तर प्रत्येक शाळेंत असतेच.

थोरांचीं उदाहरणें झालीं. "अशीं माणसें लाखांत एखादें; आमच्या मुलांचें काय?" असें पालक विचारतात. त्यांच्यासाठीं माझ्या वर्गांतील एक साधा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं सातव्या इयत्तेंत एक मुलगी दाखल झाली. तिला जन्मापासून दृष्टि नव्हती. ब्रेल पुस्तकें ती झपाट्यानें वाचीत असे आणि गणितांतहि हुशार होती. पहिल्याच आठवड्यांत तिचे वडील अर्ज घेऊन आले. चित्रकलेच्या तासाला मुलीस वाचनालयांत बसण्याची परवानगी असावी, अशी त्यांत विनंति होती. मुलगी त्यांचा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "सर, रंग मला कळणार नाहींत, हें खरें. पण चित्रांत रंगाखेरीज आणखी कांहीं असतेंच ना?" मीं वडिलांना म्हटलें, "अर्ज महिनाभर माझ्यापाशीं राहूं द्या."

त्या महिन्यांत वस्तुचित्रासाठीं मीं टेबलावर एक मातीचा माठ ठेवला होता. इतर मुलें आपापल्या जागेवरून त्याच्याकडे पाहून रेघा ओढूं लागलीं. तिनें माठ मांडीवर घेतला, त्याच्या पोटावरून हात फिरविला, आणि गळ्यांतून कोपरापर्यंत हात आंत घातला. मग शाडूच्या मातीचा तिनें लहानसा माठ केला. तो आंतून पोकळ होता आणि त्याचा कांठ किंचित् बाहेर वळलेला होता. शेजारच्या मुलानें आपल्या चित्रांत माठाचें तोंड एका सरळ रेघेनें बंद करून टाकलें होतें. त्यानें तिच्या माठाकडे पाहिलें, आपल्या चित्राकडे पाहिलें, आणि विचारलें, "सर, मीहि एकदां माठ हातांत घेऊं काय?" पुढच्या तासाला सर्व वर्गानें तो माठ हातीं घेतला, कांहींनीं डोळे मिटून घेतला, आणि माठाचें तोंड लंबवर्तुळाकार कां काढावयाचें, हें जें मी खडूनें फळ्यावर वर्षानुवर्षें सांगत असें, तें त्यांना तेव्हां उमगलें. एकीसाठीं केलेली सोय चाळीस जणांच्या उपयोगी पडली.

दिवाळीपूर्वीं आम्हीं ठिपक्यांची रांगोळी घेतली. पुठ्ठ्यावर तुरीचे दाणे गोंदानें ओळीनें चिकटविले, कीं झाले ठिपके. डाव्या हाताच्या बोटानें ती दाणा शोधी आणि उजव्या हाताच्या चिमटींतून रांगोळी सोडीत त्या दाण्यापर्यंत येई. तिनें पहिल्यांदां पुठ्ठ्यावर हात फिरविला तेव्हां ती हंसून म्हणाली, "सर, हें तर मोठें ब्रेल आहे!" मोजण्यांत ती एकदांहि चुकली नाहीं. चित्राच्या रेघांसाठीं आम्ही गोंदांत बुडविलेली सुतळी वापरीत असूं. रंगांच्या बाटल्यांस एक, दोन, तीन अशा खांचा पाडून ठेवल्या होत्या. कोणता रंग कोणाशेजारीं शोभतो हें ती मैत्रिणींना विचारी, आणि त्यांच्यांत एकमत होत नसे तेव्हां स्वतःच निर्णय देई. ह्या सर्व साहित्यास जो खर्च आला तो एका चांगल्या रंगपेटीहून अधिक नव्हता.

वर्षअखेरच्या प्रदर्शनांत नेहमींप्रमाणें 'चित्रांस हात लावूं नये' अशी पाटी होती. एका टेबलावर मात्र आम्हीं 'कृपया हात लावा' अशी पाटी लावली. तेथें तिनें केलेलें मातीचें मांजर होतें. तिच्या वडिलांनीं तें हातांत घेतलें, आणि त्याच्या उजव्या कानाशीं त्यांचें बोट अडखळलें. "हा कान असा तुटका कां केलास?" त्यांनीं विचारलें. ती म्हणाली, "बाबा, आपल्या मांजराचा कान तुटलेलाच आहे." घरांतलें मांजर रोज पाहणाऱ्या त्या गृहस्थांस हें ठाऊक नव्हतें. सुटीचा अर्ज त्यांनीं त्याच दिवशीं परत नेला.

त्यानंतर अशा लहानसहान सोयी आम्हांला सुचत गेल्या. ज्याच्या हातास कंप आहे त्याच्या कुंचल्याच्या दांड्यास फडक्याची जाड गुंडाळी केली व कागद चिकटपट्टीनें टेबलास बसविला, कीं त्याची रेघ त्याच्या मनाप्रमाणें जाऊं लागते. ज्याला कमी ऐकूं येतें तो तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवून षड्जाची ओळख करून घेऊं शकतो. ज्याला एका वेळीं चार सूचना समजत नाहींत त्याला एकच सूचना द्यावी, आणि ती पुरी झाल्यावर दुसरी द्यावी. ह्यांपैकीं एकाहि गोष्टीसाठीं विशेष विद्वत्ता लागत नाहीं.

जेथें हस्तकौशल्य आणि करुणा एकत्र येतात तेथें केवढें कार्य होतें, ह्याचें एक उदाहरण जयपूरचें आहे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयांत डॉक्टर प्रमोद करण सेठी ह्यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा हे काम करीत. शर्मा कारागीर होते. वैद्यकशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. अनवाणी चालणें, मांडी घालून बसणें, शेतांत उतरणें हें आपल्या लोकांना ज्या पायानें करतां येईल असा रबराचा पाय १९६० नंतरच्या दशकांत ह्या मंडळींनीं तयार केला. मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन् हिचा पाय १९८१ सालच्या अपघातानंतर कापावा लागला. हाच 'जयपूर फूट' लावून, पुष्कळ वेदना सोसून तिनें पुन्हा भरतनाट्यम्‌चा अभ्यास केला आणि १९८४ सालीं ती रंगमंचावर उभी राहिली. कलावंताची सोय एका कारागिराच्या हातून झाली, ही गोष्ट हस्तव्यवसायाच्या तासाला कमी लेखणाऱ्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां ही गोष्ट केवळ शिक्षकाच्या मर्जीवर सोंपविलेली नाहीं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीं संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालीं संमत झाला, आणि भारतानें त्यास २००७ सालीं मान्यता दिली. त्याच्या तिसाव्या कलमांत सांस्कृतिक जीवनांत भाग घेण्याचा व आपली कलाशक्ति वाढविण्याचा हक्क सांगितला आहे. तदनुसार आपल्या देशांत २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमांत, कला व संस्कृति ह्या विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेतां येईल अशा रीतीनें नव्यानें आंखावे, असें स्पष्ट म्हटलें आहे. मुलाला अभ्यासक्रमांत कसें बसवावें, असा प्रश्न आपण आजवर विचारीत आलों. कायदा म्हणतो, अभ्यासक्रमच हालवा.

कांहीं लोक म्हणतील, "एवढा खटाटोप करून हीं मुलें चित्रकार थोडींच होणार आहेत?" मी त्यांना विचारतों, डोळस मुलें तरी सगळीं कोठें चित्रकार होतात? माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, मोटारी दुरुस्त करणारे आहेत; कुंचल्यावर पोट भरणारे फार थोडे. तरीहि त्यांना चित्रकला शिकविणें व्यर्थ गेलें, असें कोणी म्हणत नाहीं. हातानें कांहीं घडवावें, तें बिघडलें तर पुन्हा घडवावें, आणि आपलें काम चारचौघांसमोर मांडावें, हें शिक्षण प्रत्येक मुलाला हवें. दुसरे कोणी म्हणतील, कीं अशानें गुणांची खिरापत वांटली जाईल. तसेंहि होतां कामा नये. चांगला माठ आणि वाईट माठ ह्यांत भेद आहे, तो मातींतहि दिसतो. त्या मुलीचा पहिला माठ एका बाजूस कलला होता; मीं तिला तसें सांगितलें, आणि तिनें तो मोडून दुसरा केला. सूट घेतलेल्या मुलाला कोणी 'हें पुन्हा कर' असें म्हणत नाहीं. त्याचें हेंच मोठें नुकसान आहे.

मिशनच्या शाळांना हें कार्य परकें नाहीं. भारतांतील अंधांची पहिली शाळा १८८७ सालीं अमृतसर येथें मिस अ‍ॅनी शार्प ह्या मिशनरी बाईंनीं काढली. त्या काळीं वेगळी शाळा काढणें हेंच मोठें धैर्य होतें. आज पुढचें पाऊल टाकावयाचें आहे, तें म्हणजे आपल्या नेहमींच्या वर्गांत, आपल्याच बांकावर त्या मुलाला जागा करून देणें. प्रार्थनेच्या वेळीं आपण तो दृष्टांत अनेकदां ऐकला आहे, ज्यांत एक दास भीतीपोटीं धन्याचें धन जमिनींत पुरून ठेवतो व शेवटीं दोषी ठरतो. त्यानें निदान स्वतःला मिळालेलें धन पुरलें. आपण सूट देतों तेव्हां दुसऱ्याच्या वांट्याचें पुरतों, आणि वर त्याच्यावर उपकार केल्याचें समाधान मानतों.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शेजारीं असा कोणी बसला तर त्याच्या हातांतील काम आपण करून टाकूं नका. त्याला काय हवें तें त्यालाच विचारा. आणि पालकहो, येत्या जूनमध्यें अर्ज लिहावयास बसाल तेव्हां 'सूट' ह्या शब्दाच्या जागीं 'सोय' हा शब्द लिहून पाहा. पुढचें काम आम्हां शिक्षकांचें.